आमचा काही करत नाही!

पोरी, कुत्रं पाळणाऱ्या माणसाच्या तोंडी एक वाक्य कायम असतं. पाहुणा दारात अवघडून उभा असतो, कुत्रं त्याच्या छातीपर्यंत उड्या मारत असतं आणि घरधनी आतून ओरडतो, ‘या, या, आमचा काही करत नाही!’ पाहुण्याच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरंही ठरतं. पण परवा फोनवर तू हेच वाक्य येऊ घातलेल्या कॉकटील पक्ष्यांच्या जोडीचा विषय निघताच म्हणालीस. तुमच्या लॅब्राडॉर रॉकीबद्दल म्हणालीस आणि वर मनी मांजरीबद्दलही म्हणालीस. तेव्हाच ठरवलं, हिला एकदा नीट बसून सांगायला हवं. जावईबापूंना पक्ष्यांची हौस आहे, जोडी यायची ती येणारच. जनावरांच्या दवाखान्यात माझी उभी हयात गेली, आणि घरातही कुत्रं, मांजर, पक्षी असं सगळं लटांबर एका छपराखाली नांदवलं, हे तुझ्या आईला विचार. म्हणून हक्कानं सांगतो.

रॉकी गुणाचा आहे, मान्य. मनी आळशी आहे, दिवसभर सोफ्यावर लोळते, तेही मान्य. पण पक्ष्याचा जीव त्यांच्या गुणांवर टांगून ठेवायचा नाही. भरवसा टाकायचा तो दारावर, कडीवर आणि घरातल्या माणसांच्या सवयीवर. कुत्र्यामांजराचा स्वभाव चांगला निघाला तर तो बोनस समजायचा.

आधी पक्ष्याचं बोलू. कॉकटील, बजी (ज्याला आपल्याकडे दुकानदार सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात), झेब्रा फिंच हे परदेशी पक्षी पिंजऱ्यातच पैदास झालेले असतात, ते पाळता येतात. आपला हिरवा पोपट, पहाडी पोपट, मुनिया, मैना यातलं काही कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घ्यायचं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते पाळणं गुन्हा आहे. आजोबांच्या ओसरीवर पोपट होता हे कौतुक आता सांगू नकोस. करडा आफ्रिकी पोपट किंवा मकाऊ घ्यायचा तर सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. कॉकटीलला ती भानगड नाही. तुमच्यासारख्या घरात कॉकटील बजीपेक्षा बरं, कारण ते अंगानं मोठं, ऐंशी-शंभर ग्रॅमचं असतं. बजी तीस-चाळीस ग्रॅमची, म्हणजे रॉकीच्या एका पंजाखाली सपशेल संपणारी. फिंच तर त्याहून नाजूक, आणि ती सारखी फुरफुर उडत राहते. मनीला याहून मोठं आमिष कुठलं!

आता दाराचं. नियम एकच आणि तो पाठ करून ठेव: पक्षी आणि मांजर यांच्यामध्ये दोन अडथळे हवेत, आणि त्यातला एक तरी कायम बंद हवा. एक पिंजरा आणि दुसरं खोलीचं दार. पिंजरा उघडा असेल तर दार बंद, दार उघडं असेल तर पिंजरा बंद. दोन्ही एकाच वेळी उघडं कधीच नाही, ‘एक मिनिटात येते’ म्हणूनही नाही. दुर्घटना त्या एका मिनिटातच होतात. कुकरची शिट्टी झाली, दारावर कुरिअरवाला आला, फोन वाजला.

तुमच्या फ्लॅटमध्ये हॉल नको. हॉलमध्ये सगळ्यांचा वावर, मुख्य दार तिथंच, रॉकीची गादीही तिथंच. स्वयंपाकघर तर अजिबात नको, त्याचं कारण पुढे सांगतो. छोटी बेडरूम पक्ष्यांना दे. पण बेडरूमचं लाकडी दार दिवसभर लावून ठेवलंस तर दोघं पक्षी एकटे पडतील. कॉकटील थव्यातला पक्षी आहे, त्याला घरातली माणसं दिसली-ऐकली पाहिजेत. म्हणून त्या चौकटीला बाहेरून जाळीचं दार बसवून घे. मच्छरदाणीची नायलॉन जाळी नको, मनी ती नखांनी उभी फाडेल. फॅब्रिकेशनवाल्याला सांग, अॅल्युमिनियमची चौकट आणि त्यात अर्ध्या इंची वेल्डमेश. दार आपोआप मिटेल अशी स्प्रिंग लाव आणि कडी तुझ्या खांद्याच्या उंचीवर बसव. रॉकीच्या जातीची कुत्री दाराचं हॅन्डल पंजानं खाली दाबून दार उघडतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. लांबट मुठीचं हॅन्डल असेल तर त्याच्यावर मुळीच विसंबू नको.

कामाच्या मावशींना पहिल्याच दिवशी हे सगळं समजावून सांग, आणि त्यांच्यावर न खेकसता सांग. झाडायला दार उघडून ठेवणं ही त्यांची सवय आहे, त्यात त्यांचा दोष नाही. त्या खोलीचा केर तूच काढलास तर उत्तम.

पिंजऱ्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण दुकानातून आणलेला पिंजरा हा पक्षी बाहेर जाऊ नये म्हणून केलेला असतो. मांजर आत येऊ नये हा विचार तो बनवणाऱ्यानं केलेलाच नसतो.

पहिली बघायची ती दाराची रचना. स्वस्त पिंजऱ्यांना वर सरकणारं दार असतं. ते फक्त स्वतःच्या वजनानं खाली राहतं. मनी काय करेल सांगतो. ती एक नख खालच्या तारेत अडकवेल आणि हात वर घेईल. दार बोटभर वर गेलं की पंजा आत. कॉकटील स्वतःही चोचीनं हे दार उचलतं, तो त्याचा आवडता उद्योगच आहे. यावर उपाय साधा आहे. किल्लीच्या जुडग्याला असतो तसा स्प्रिंगचा हूक प्रत्येक दाराला लाव. घरात नसेल तर ऑफिसातली काळी बाइंडर क्लिपसुद्धा चालते. ‘प्रत्येक दाराला’ म्हणालो ते लक्षात घे. मोठं दार सगळेच बघतात, दाण्याच्या वाट्यांची दोन छोटी दारं कुणी बघत नाही. वाटी आत सरकून खाली पडली की तिथं चांगलं भोक उघडं राहतं.

दुसरी गोष्ट ट्रेची. खालचा ट्रे साफ करायला ओढून काढलास की कित्येक पिंजऱ्यांना तळाशी लांबट फट पडते. आत वेगळी जाळी नसेल तर पक्षी तिथून सुळकन बाहेर येतो आणि खाली रॉकी उभाच असतो, कारण सांडलेले राळे आणि सूर्यफुलाच्या बिया चाटायला तो रोज ट्रेच्या वेळेला हजर राहणार. ट्रे काढायच्या आधी रॉकी आणि मनी दोघंही खोलीबाहेर, जाळीचं दार बंद, मगच हात घालायचा.

तिसरं म्हणजे तारांमधलं अंतर. कॉकटीलला पाऊण इंचापेक्षा जास्त नको, अर्धा-पाऊण इंचाच्या मध्ये असेल ते घ्या. बजीला अर्धा इंच. पण एवढ्या फटीतूनही मांजराची नखं जातातच. आणि पक्ष्याला रात्री पिंजऱ्याच्या जाळीला चिकटून, तार पायांत धरून झोपायची खोड असते. अंधारात मनी बाहेरून आली की तिच्या तोंडासमोर काय असतं? पक्ष्याची बोटं. दवाखान्यात बोटं तुटलेले, शेपटी उपटलेले पक्षी येत, त्यातल्या बऱ्याच जणांचे मालक म्हणत, ‘पिंजरा तर बंदच होता.’ पिंजरा बंद होता हो, पण पक्षी काठाला होता आणि मांजर खोलीत होतं. म्हणून एक तर रात्री खोलीचं दार बंद, नाहीतर पिंजऱ्याच्या बाहेर चार बोटं अंतर सोडून दुसरी अर्ध्या इंची जाळी उभी कर. ती नवी गॅल्व्हनाइज्ड जाळी आणलीस तर व्हिनेगर लावून ब्रशनं खसाखसा घास, धू, वाळव, मगच वापर. तिच्यावरच्या जस्ताचे कण चोचीतून पोटात गेले तर पक्ष्याला विषबाधा होते. कोंबडीजाळी मात्र वापरू नको. ती षटकोनी मऊ तार कुत्रं दातानं ओढून उसवतं.

चौथं, पिंजरा ठेवायचा कुठं आणि कसा. चाकांच्या स्टँडवर नको, रॉकीनं एकदा अंग घासलं की गेला. छताच्या हुकाला टांगायचा मोह होईल, दिसतोही छान. पण टांगलेला पिंजरा हलतो, हलत्या पिंजऱ्यात पक्षी घाबरून राहतो, आणि मांजरानं उडी मारून जाळीला लोंबकळलं तर हुकासकट सगळं खाली. भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर पिंजरा बसव आणि मागून तारेनं आवळून टाक. पाठ भिंतीला असली की पक्ष्याला एक बाजू तरी निर्धास्त वाटते. दांडी तुझ्या छातीच्या वर, डोळ्यांच्या खाली. आता तू म्हणशील, उंच ठेवला की मनी पोचणार नाही. तंदुरुस्त मांजर जागेवरून पाच फूट सहज उडतं, आणि तेही जमिनीवरून. कपाट, एसी, पडदा, पुस्तकांची मांडणी असली तर उंचीचा हिशेबच राहत नाही. पिंजऱ्याच्या आसपास मांजराला पाय टेकायला जागा ठेवायची नाही, मग उंची कितीही असो. आणि पिंजऱ्याच्या डोक्यावर मनी बसलेली दिसली तर फोटो काढून नातेवाइकांना पाठवत बसू नकोस. खालच्या जिवाला ते छप्पर नव्हे, वर बसलेला वाघ दिसतो. वरचा पत्रा उतरता करून घे, म्हणजे बसायला जागाच राहणार नाही.

आता खुद्द मनीबद्दल. लोक म्हणतात मांजराचं पोट भरलेलं असलं की ते शिकार करत नाही. हे साफ खोटं. मांजराची शिकार भुकेवर अवलंबून नसते. हलणारी, फडफडणारी, बारीक आवाज करणारी वस्तू दिसली की मांजरातलं यंत्र चालू होतं. दूधभात, मासळीचा तुकडा खाऊन तृप्त झालेली मांजरी खिडकीतून चिमणी दिसल्याबरोबर दात कटकटवते, तू पाहिलं असशील. गळ्यात घुंगरू बांधण्याचाही घरात काही उपयोग नाही. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला आवाज ऐकून जायचंय कुठं?

लहानपणापासून एकत्र वाढवलं तर मैत्री होते, हे खरं आहे का? कधीकधी होते. काही मांजरं पक्ष्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. पण मैत्री वर्षानुवर्षांची असते आणि झडप एका क्षणाची. शिवाय पक्षी घाबरून एकदम फडफडला की आजवरचा शेजारी मांजराला अचानक भक्ष्य दिसतो. मनी पिंजऱ्याजवळ पोट जमिनीला लावून दबून बसली, शेपटीचं फक्त टोक हलतंय, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्यात, मागचा भाग डावी-उजवीकडे डुलतोय, अशी दिसली की तिथून तिला उचल आणि दाराबाहेर सोड. मारू नको, ओरडू नको. तिचं तिनं बरोबरच केलंय. तिला वेगळी करमणूक दे. दोरीला पीस बांधून रोज संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं पळव. तेवढ्यानं खाज थोडी जिरते, पण दाराची कडी सुटत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगायचंय ते तिच्या तोंडाबद्दल. बहुतेक मांजरांच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात. मांजराला त्यांचा त्रास नसतो. पक्ष्याच्या अंगात मात्र ते रक्तात पसरले की एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो. दात सुईसारखे बारीक असल्यानं जखम पिसांखाली दिसतही नाही. नख लागलं तरी धोका तोच, कारण मांजर पंजे चाटत असतं. आमच्याकडे एक बाई बजी घेऊन आल्या होत्या. आदल्या दिवशी मांजरानं धरलेली, त्यांनी सोडवली. पिसं दोन गेली, रक्त नाही, संध्याकाळी दाणेही खाल्ले. त्यामुळे ‘वाचली’ म्हणून त्या निवांत झोपल्या. सकाळी पिसं फुगवून तळाशी बसलेली बजी आमच्या टेबलावर आली ती गेलीच. तेव्हा मांजराचं तोंड लागलं म्हणजे जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासाला डॉक्टर. त्यांना पहिलं वाक्य हेच सांगायचं की मांजरानं धरलं होतं. अँटिबायोटिक कुठलं आणि किती, ते त्यावर ठरतं. घरातली माणसांची गोळी चुरून देण्याचा उद्योग करायचा नाही. इथं डोस ग्रॅमच्या हिशेबात असतो.

रॉकीचं प्रकरण वेगळं. कुत्र्याला शिकवता येतं, हा मोठा फायदा. पण कुत्र्याकुत्र्यात फरक आहे. आपल्याकडची कारवानी किंवा मुधोळ कुत्री नजरेनं सावज हेरून पळणाऱ्या जातीची, सशामागे धावण्यासाठीच पिढ्यानपिढ्या जोपासलेली. टेरियर, डॅशहुंड यांचंही तेच. अशी कुत्री असती तर मी पक्ष्याला नाहीच म्हटलं असतं. रॉकी लॅब्राडॉर, गोळी लागून पडलेलं बदक तोंडातून अलगद आणून द्यायचं हे त्याच्या वाडवडिलांचं काम. तोंड मऊ असतं ते खरंच. पण ते बदकाच्या मापानं मऊ! पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड पुढे-मागे हलवूनच तो श्वास घेतो. छाती धरून ठेवली की श्वास बंद. रॉकीनं लाडानं जरी कॉकटील तोंडात धरलं, एकही दात न लावता धरलं, तरी ते गुदमरून मरू शकतं. लाडानं टाकलेला पंजाही तसाच.

शिकवायचं असं. पहिले आठ-दहा दिवस रॉकी पक्ष्यांच्या खोलीत येणारच नाही. पिंजऱ्यातलं जुनं कापड त्याच्या गादीजवळ ठेव, वास ओळखीचा होऊ दे. मग पट्टा लावून त्याला जाळीच्या दाराबाहेर बसव, आतला पिंजरा लांबून दिसू दे. तो पक्ष्याकडे बघेल. बघू दे. ज्या क्षणी तो स्वतःहून मान वळवून तुझ्याकडे बघेल, त्या क्षणी खाऊ. पुन्हा बघितलं, पुन्हा वळला, पुन्हा खाऊ. पक्ष्याकडे दुर्लक्ष केलं की फायदा होतो, एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं बसवायचं. त्याबरोबर ‘सोड’ आणि ‘जागेवर’ हे दोन शब्द बिनचूक पाळायला शिकव, आणि घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे. जावईबापू ‘लीव्ह इट’ म्हणणार, तू ‘सोड’ म्हणणार आणि चिरंजीव ‘ए रॉकी’ म्हणणार, तर कुत्र्यानं कुणाचं ऐकायचं?

शेपटी सैल हलतेय, तोंड उघडं, जीभ बाहेर, असा कुत्रा नुसता चौकस असतो. तोंड मिटलेलं, अंग ताठ, एक पाय उचललेला, नजर पापणी न लवता पिंजऱ्यावर, हाक मारली तरी कान हलत नाही, हे दिसलं की धडा तिथंच थांबव आणि त्याला बाहेर फिरवून आण. हे चित्र महिना-दोन महिन्यांनीही बदललं नाही, तर रॉकीला ती खोली कायमची बंद. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

दिवाळीच्या रात्री आणि गणपतीच्या मिरवणुकीत पट्टीचा शहाणा कुत्राही बिथरतो. फटाका वाजला की तो आडोसा शोधत धावतो, पलंगाखाली, कपाटामागे, आणि वाटेत पिंजरा असेल तर त्याला घेऊनच पडतो. तिकडे कॉकटीलचं वेगळंच. ते अंधारात एकदम दचकतं आणि पिंजऱ्यात वेड्यासारखं आपटत राहतं, पंखांची नवी, रक्त भरलेली पिसं तुटतात. खोलीत झिरोचा मिणमिणता दिवा रात्रभर असू दे, आणि पिंजऱ्याला तीन बाजूंनी सुती चादर. चौथी बाजू उघडी, हवेसाठी.

पक्ष्यांना रोज पिंजऱ्याबाहेर सोडायचं असतं, त्याशिवाय ते सुखात राहत नाहीत. त्या तासाभरात रॉकी आणि मनी कुठे आहेत हे आधी डोळ्यांनी बघायचं. ‘बाहेर असतील’ हे चालत नाही. मनी पलंगाखाली झोपलेली असते. पंखा बंद, आणि रेग्युलेटर नव्हे, बटण बंद. खिडक्यांना जाळ्या. कुणीतरी एक मोठं माणूस खोलीत बसलेलं, आणि त्यानं मोबाइलमध्ये डोकं घालायचं नाही. दुकानदार म्हणेल, पंख छाटून देतो, उडणार नाही. तुमच्या घरात पंख छाटायचे नाहीत. कुत्रं-मांजर असलेल्या घरात उडता येणं हाच पक्ष्याचा शेवटचा बचाव आहे. पंख छाटलेलं कॉकटील घाबरून उडायला जातं ते थेट जमिनीवर पडतं.

बाल्कनीचं थोडक्यात. पिंजरा बाल्कनीत ठेवायचा तर तुम्ही शेजारी बसून, सकाळच्या कोवळ्या उन्हात, तेवढाच वेळ. तिथं मनी-रॉकीची भीती नाही, बाहेरच्यांची आहे. सोसायटीतला बोका पाइपवरून वर येतो. कावळे जाळीतून शेपटी ओढतात. शिक्रा ठाण्या-पुण्यातल्या सोसायट्यांतही असतो आणि तो पिंजऱ्यावर झेप टाकायला मागेपुढे पाहत नाही. रात्री घुशी-उंदीर. बाल्कनी ग्रिल टाकून बंद केलीय म्हणून निर्धास्त होऊ नकोस. त्या ग्रिलमधून बोका निवांत आत येतो.

स्वयंपाकघर नको का म्हणालो ते ऐक. नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर राहून फार तापला की त्यातून निघणाऱ्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरतो, आपल्याला वासही नीट येत नाही. उदबत्तीचा धूर, मच्छर कॉइल, फवारे हेही त्यांच्या खोलीत नकोत. रॉकीला गोचिडांचं औषध लावाल त्या दिवशी त्याच हातांनी पक्ष्यांना धरू नका, आणि औषध वाळेपर्यंत तो त्या खोलीच्या आसपास नको. पक्ष्यानं रॉकीच्या भांड्यातलं पाणी प्यायचं नाही, रॉकीनं पक्ष्याची विष्ठा चाटायची नाही. दोन्हींतून रोग फिरतात.

पक्षी घाबरलाय हे ओळखायला शिक, कारण तो आजार आणि भीती दोन्ही लपवतो. कॉकटीलचा तुरा ताठ उभा, पिसं अंगाला चिकटलेली, अंग उंच-सडपातळ झालेलं, चोच उघडी आणि धाप, म्हणजे त्याला आत्ता भीती वाटतेय. तो दिवसेंदिवस गप्प झाला, दाणे कमी खाऊ लागला, विष्ठा पातळ झाली, स्वतःची पिसं उपटू लागला, तर आजारासारखंच हेही कारण असू शकतं की मनी रोज दारापाशी तासन्तास बसतेय. तिनं पंजा लावला नसेल, पण नजर लावून बसलीय, आणि तेवढं पुरतं. जाळीच्या दाराच्या खालच्या अर्ध्या भागाला जाड कापड लाव, म्हणजे ती आतलं बघू शकणार नाही.

आणि एवढं सगळं करूनही एखाद्या दिवशी घडलंच तर? गडबडू नको. कुत्र्याच्या किंवा मांजराच्या तोंडातून पक्षी ओढून काढू नको, ओढला की फाटतो. रॉकीला ‘सोड’, मनीला मानेच्या कातडीला धरून, तोंडाजवळ खाऊ नेऊन. पक्ष्यावर हलक्या हातानं टॉवेल टाक, दोन बोटांत मान सैल धर, छाती दाबू नको. कॉकटीलच्या अंगात सगळं मिळून दोन चमचेही रक्त नसतं, म्हणून थेंब थेंब गळणारं रक्तही मोठं समजायचं. नख तुटलं असेल तर मक्याचं पीठ किंवा कणीक दाबून धर. पंखातून येत असेल तर स्वच्छ कापसानं दाब दे. हळद-तेल, मलम काही लावू नको. तेलकट मलमानं पिसं चिकटतात आणि पक्षी गारठतो. चोचीत पाणी ओतू नको, ते श्वासनलिकेत जातं. बुटाच्या खोक्याला भोकं पाड, आत सुती फडकं, एका बाजूला कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून. झाकण लाव, अंधारात तो शांत राहतो. आणि निघ.

निघायचं कुठं, हे मात्र आज शोधून ठेव. कुत्र्यामांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली झालेत, पण पक्षी बघणारे डॉक्टर थोडे असतात. तुझ्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करून सरळ विचार, ‘पक्षी बघता का, आणि रविवारी कोण बघेल?’ मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, नाव बैलघोड्यांचं असलं तरी तिथं पक्षीही नेतात. नंबर पिंजऱ्याच्या वरच भिंतीवर मोठ्या अक्षरात लाव, म्हणजे मावशींनाही दिसेल.

कॉकटील नीट सांभाळलं तर पंधरा-वीस वर्षं जगतं. तेवढी वर्षं रोज ती कडी लावायची तुमच्या घरातल्या प्रत्येकाची तयारी आहे का, हे जावईबापूंना एकदा समोर बसवून विचार. आहे म्हणाले, तर जाळीचं दार बसवून घ्या आणि मला त्याचा फोटो पाठवा. कडी बघितल्याशिवाय जोडी आणू नका.